भजनातील गिटार आणि कापलेली पिन

गिटार भजनाला शोभते की नाही, हा वाद ज्यांना घालावयाचा असेल त्यांनी खुशाल घालावा. पेटीही परदेशातूनच आली. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या दारात मज्जाव केला, तरी देवळातील पेटी कधी मुकी झाली नाही. आमचा आक्षेप वाद्यावर नाही. त्या वाद्यामागे ठेवलेल्या ॲम्प्लिफायरशी आपण ज्या बेफिकिरीने वागतो, तिच्यावर आहे.

केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ 1940 सालीच नारायणगुड्यात शिक्षणसंस्था उभी राहिली. विद्येला एवढे मोल देणाऱ्या या वस्तीत, गणेशोत्सवाच्या एका मांडवात आम्ही काय पाहिले? परदेशस्थ नातलगाने आणलेला जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ऐन भजनात फाटक्या आवाजात ओरडू लागला. सतरा वर्षांच्या मुलाला पुढे केले गेले. त्याने बटण बंद केले, रुमालात धरून तापलेला व्हॉल्व्ह उपटला, डब्यातील दुसरा खोचला, आणि मंडळींनी टाळ्या वाजविल्या. यंत्र घूं करीत होते म्हणून त्याच्या प्लगची तिसरी पिन कोणीतरी पूर्वीच कापून ठेवली होती!

वरून व्हॉल्व्ह काढताना बोट सहसा धोक्याच्या तारेला लागत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण नवा व्हॉल्व्ह बसवून काम संपत नाही, आणि पुढच्या कामासाठी सांगाडा उघडला की तेथे साडेचारशे व्होल्टचा दाब बसलेला असतो. बटण बंद केल्याने, किंबहुना प्लग काढल्यानेही, तो लगेच नाहीसा होत नाही; मोठे कंडेन्सर तो साठवून ठेवतात. "पाच मिनिटे थांबलो की झाले," असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, की तो दाब उतरविणारा रोध आतल्या आत तुटलेला असेल तर पाच मिनिटांनी काय होणार? प्लग काढावा, योग्य क्षमतेच्या रोधातून कंडेन्सर रिकामे करावेत, आणि मीटरचा काटा शून्याजवळ आल्याचे डोळ्यांनी पाहावे. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणे ही मर्दुमकी नव्हे.

व्हॉल्व्ह थंड होऊ द्यावेत, बुडाशी धरून सरळ काढावेत, आणि जोडी असेल तर जुळलेली जोडीच बसवावी. स्पीकर जोडल्यावाचून यंत्र क्षणभरही चालवू नये. चालविले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर घाला येतो. मग प्रश्न बायसचा. काही यंत्रांत तो आपोआप जुळतो, काहींत हाताने लावावा लागतो. ईएल 34 ची प्लेट 25 वॅट सोसते. वापरात त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट, ही मर्यादा कारागीर मानतात. प्लेटवर 450 व्होल्ट असतील तर विनावादन प्रवाह सुमारे 39 मिलिॲम्पियरच्या आत हवा. हे मापन यंत्र चालू ठेवून करावे लागते. म्हणून ते उत्सवातल्या उत्साही मुलाचे काम नव्हे. त्याने एवढेच ओळखावे की प्लेट लाल झाली तर ताबडतोब बंद करावयाचे. कोटीच्या गुजराती गल्लीत सामान मिळते. मोजण्याची अक्कल पुडीत बांधून मिळत नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालणाऱ्याबद्दल तर काय लिहावे?

अमेरिकेतील यंत्र 120 व्होल्टचे, आपली वीज 230 ची. मधल्या ट्रान्सफॉर्मरला पुष्कळदा दोनच भोके असतात, आणि भूसंपर्क तेथेच तुटतो. गिटारच्या तारा यंत्राच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात, याचे भान किती वादकांना आहे? 1972 साली स्वान्सी येथे लेस हार्वी हा गिटारवादक भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मेला. 1976 साली कीथ रेल्फ आपल्या घरी गिटार वाजविताना गेला. तेथेही दोष भूसंपर्काचाच.

त्यांच्या पायांत निदान बूट असतील. आमच्या देवळात वादक अनवाणी बसतो, फरशी नुकतीच धुतलेली असते, अभिषेकाचे पाणी मंडपापर्यंत येते. गोव्यातील देवालयांची पावसाळ्यातली अंगणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको. या ओलाव्यात तिसरी पिन कापणे म्हणजे वादकाच्या देहालाच भूसंपर्क बनविणे होय. "देवाच्या कामात अपघात होत नाही," असे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले. समईखाली तबक ठेवतानाही त्यांनी हेच म्हणावे!

घूं हा आवाज बहुधा दोन यंत्रे दोन ठिकाणच्या प्लगवर लावल्याने येतो, किंवा कंडेन्सर म्हातारे झाल्याने. पहिल्यास एकच बोर्ड हवा, दुसऱ्यास कारागीर. पिनेचा त्यात अपराध नाही. उत्सवसमित्यांकडे आमची मागणी थोडी आहे: यंदाच्या रोषणाईच्या खर्चातून आधी तीन पिनांचा धड बोर्ड आणि 30 मिलिॲम्पियरचा गळतीरोधक स्विच घ्यावा, त्याचे चाचणीचे बटण रोज मांडव उघडताना दाबून पाहावे, आणि व्हॉल्व्ह बदलावयाचा झाल्यास त्या रात्रीपुरती गिटार बाजूला ठेवून पेटीवर भागवावे. तो स्विच यंत्राच्या आतल्या साडेचारशे व्होल्टांपासून वाचवीत नाही, हेही समितीच्या फलकावर लिहून ठेवावे.