भरपाईचा आकडा दहा-दहा वर्षे का गोठतो?



कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कामावर जाता-येताना झालेला अपघातही कामाशी संबंध दिसला तर भरपाईस पात्र ठरेल, ही दुरुस्ती चांगलीच आहे. पण मुख्य दुखणे तसेच राहिले. भरपाईसाठी जास्तीत जास्त किती पगार धरायचा, हे केंद्र सरकार आजही मनात येईल तेव्हा अधिसूचना काढून ठरवणार.

मृत्यूच्या भरपाईचे सूत्र साधे आहे: निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा गुणक. वयाच्या चाळिसाव्या वर्षी हा गुणक 184.17 आहे. महिना 25,000 रुपये मिळवणारा चाळीस वर्षांचा ट्रकचालक कामावर असताना अपघातात मरण पावला, तर त्याच्या घरच्यांना 23,02,125 रुपये मिळायला हवेत. पण 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार पगार 15,000 च्या वर धरायचा नाही. म्हणजे हाती येणार 13,81,275.

ही मर्यादा 2000 साली 4,000 होती, 2010 मध्ये 8,000 झाली, 2020 मध्ये 15,000. जनगणनेसारखी दहा वर्षांनी एकदा. त्यात भरपाई मोजायची ती अपघाताच्या दिवशी लागू असलेल्या मर्यादेने. त्यामुळे हाच चालक 2 जानेवारी 2020 ला गेला असता तर 7,36,680 रुपये, आणि दुसऱ्या दिवशी गेला असता तर जवळपास दुप्पट. या एका रात्रीत महागाई दुप्पट झाली नव्हती. ती दहा वर्षे वाढतच होती, सरकारने पाहिले मात्र एकदाच.

‘ईएसआय आहे की’ असे कुणी म्हणेल. कर्मचारी राज्य विम्याची ती योजना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना आणि तीही जिथे लागू आहे तिथेच. चालक, क्लीनर, बांधकामावरचे मजूर यांतले कितीतरी तिच्या बाहेर आहेत. आणखी एक विसंगती पाहा. समोरच्या गाडीच्या चुकीने चालक गेला तर घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतात, तिथे खरी कमाई धरली जाते. तोच चालक ब्रेक निकामी होऊन घाटात कोसळला, तर हिशेब 15,000 वर. घरची चूल दोन्हीकडे सारखीच बंद पडते.

मर्यादा वाढली की विम्याचा हप्ता वाढेल आणि छोटे मालक बुडतील, असे वाहतूकदार म्हणतात. हप्ता वाढेल, हे खरे. पण डिझेल वाढले की भाडे वाढवून घेतातच ना? माणसाच्या जिवाचा खर्च तेवढा भाड्यात बसत नाही, हे पटत नाही. उलट दहा वर्षांनी एकदम दुप्पट बोजा येण्यापेक्षा दरवर्षी थोडा येणे छोट्या मालकालाही सोसवेल.

उपाय नवा शोधायचा नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलतो. भरपाईची मर्यादाही त्याच निर्देशांकाला बांधावी, आणि राज्याच्या कामगार विभागाने केंद्राकडे तसा लेखी प्रस्ताव पाठवावा. 2030 ची वाट पाहू नये.

— एक वाचक, कळंबोली