प्रकाशतंतू कोणाच्या दारापर्यंत?

शिवाजी पार्कला लागून जाणाऱ्या वीर सावरकर मार्गाने प्रभादेवीकडे निघाले की 'टेलिफोन हाऊस'ची उंच इमारत लागते. महानगर टेलिफोन निगमचा मुंबईतील कारभार येथूनच चालत आला. तेथून काही अंतरावर, परळच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे आहेत. तेथील कचेऱ्यांना प्रकाशतंतूंची जोडणी देण्यासाठी खाजगी कंपन्यांत चढाओढ चालते. त्याच परळ-लालबागच्या जुन्या चाळींत मात्र गच्चीवरून गच्चीवर लोंबणाऱ्या तारांचे जंजाळ आहे, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते मुके होते.

आधुनिक व्यवसायाला जलद आणि भरवशाचे दळणवळण हवे, याविषयी आमचा वाद नाही. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद नव्हे. प्रश्न इतकाच, की 'व्यवसाय' म्हणजे कोण? बँका आणि दलालपेढ्या तेवढ्या, की दादरच्या फुलबाजारातील विक्रेता, गल्लीतला छापखाना आणि घरबसल्या डबे पुरविणारी गृहिणीदेखील? आज या सर्वांचे हिशेब तारेवरूनच चालतात. २०२०-२१ च्या टाळेबंदीत शाळा तारेवर गेली, तेव्हा एका मोबाइलवर तीन भावंडांनी पाळीपाळीने शिकावे ही वेळ याच शहरात अनेक घरांवर आली. ती लाज आपण इतक्या लवकर विसरलो काय?

सार्वजनिक क्षेत्राची बाजू मांडताना आपण आधी स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. १९८६ मध्ये निगम स्थापन झाला, त्याच्या आधी आणि नंतरही टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या मुंबईकराचा राग खोटा नव्हता. परंतु निगमाच्या दुर्दशेचे खापर केवळ कामगारांच्या माथी मारणे हा अन्याय आहे. २०१० मध्ये लिलावात बोली न लावताही, लिलावात ठरलेल्या दराने ध्वनिलहरींचे सुमारे ११ हजार कोटी रुपये निगमाकडून वसूल करण्यात आले. पुढे काही रक्कम परत मिळाली. कर्जाचे चक्र मात्र सुरू झाले ते झालेच. आता त्या कर्जाने ३० हजार कोटींचा आकडा ओलांडला आहे. २०१९ च्या 'पुनरुज्जीवन' योजनेत १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली आणि मालमत्ता विकून पैसा उभा करण्याचे धोरण ठरले. हातपाय तोडून धावण्याच्या शर्यतीत उभे करायचे आणि मग हरल्याबद्दल हसायचे, असा हा प्रकार आहे.

प्रकाशतंतूंच्या जाळ्यात काच फार महाग नसते. खर्चाचा मोठा भाग रस्ता खोदण्यात व बुजविण्यात जातो. प्रत्येक कंपनीने स्वतंत्र चर खणणे हा राष्ट्रीय अपव्यय आहे. चराचा हा खर्च अखेर ग्राहकाच्याच बिलात उतरतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सामाईक भूमिगत वाहिन्यांची आणि त्या सर्वांना खुल्या ठेवण्याची तरतूद केली आहे. मुंबईचे रस्ते काँक्रीटचे होत असताना महापालिकेने अशा वाहिन्या स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या, तर जलवाहिनीप्रमाणे हीही नागरी सेवा होईल. केरळने २०२३ मध्ये सरकारी मालकीचे प्रकाशतंतू जाळे सुरू केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते अजून पुष्कळ दूर आहे. तथापि दिशा योग्य आहे.

१९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसविल्या. पहिल्या वर्गाची शोभा वाढविण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाचा प्रवास सुसह्य करावा, ही समाजवादी नियोजनाची कसोटी होती. तीच येथे लावली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. निगमाच्या भूमिगत वाहिन्या आणि टेलिफोन केंद्रांच्या जमिनी विकू नयेत. रस्ता खोदण्याची परवानगी देताना, मनोऱ्याला जोडणी देणाऱ्या कंपनीने त्याच विभागातील चाळी, महापालिका शाळा आणि दवाखाने यांनाही जोडणी द्यावी अशी अट घालावी. चर खणणाऱ्या कंत्राटी मजुराला किमान वेतन आणि सुरक्षेची साधने मिळावीत.

कार्यकर्त्यांनी आपापल्या विभागातील चाळींत फिरून कोठे जोडणी आहे, कोठे नाही आणि तिचे दर काय, याची नोंद करावी व ती घेऊन विभाग कार्यालयावर जावे. गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्याचा प्रश्न असाच घरोघरी फिरून उभा केला होता. गिरण्यांच्या जमिनी हातातून गेल्या, तेव्हा आपण उशिरा जागे झालो. रस्त्याखालची जमीन तरी अजून जनतेची आहे.