माजी सैनिकांच्या औषधांचा हिशेब कोणी तपासायचा?

सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या जवानाचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. ते योग्यच आहे. परंतु साठी ओलांडल्यावर त्याला खरी गरज असते ती रक्तदाबाच्या गोळ्यांची, मधुमेहाच्या तपासणीची आणि वेळेवर भेटणाऱ्या डॉक्टरची.

यासाठी केंद्र शासनाने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. आपल्याकडे ती ‘ईसीएचएस’ या नावाने ओळखली जाते. निवृत्तिवेतन घेणारा सैनिक व त्याचे अवलंबित कुटुंबीय यांना पॉलिक्लिनिकमधून औषधे मिळतात, आणि गरज पडल्यास मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार होतात. आज देशात अशी चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. योजना चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु योजना चालू असणे वेगळे आणि तिच्यामुळे रुग्णाची प्रकृती सुधारणे वेगळे.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१५ च्या अहवाल क्रमांक ५१ मध्ये या योजनेची तपासणी केली. औषधांचा तुटवडा आणि रुग्णालयांना दिली गेलेली जादा रक्कम यांवर त्यात बोट ठेवले आहे. ही तपासणी मोलाचीच. पण तिचा भर पैशावर व कारभारावर असतो. सोनपेठ किंवा मानवतच्या खेड्यातील वृद्ध सैनिकाची साखर आटोक्यात आली का, एस.टी.चे भाडे भरून गेल्यावर महिन्याची सर्व औषधे मिळाली का, वीरपत्नीला कोणी नीट माहिती दिली का, हे कोण मोजणार?

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९९५ नंतर डॉ. केनेथ कायझर यांच्या काळात माजी सैनिकांच्या रुग्णालयांत लसीकरण, मधुमेहाच्या तपासण्या अशा ठरावीक बाबी नियमित मोजल्या जाऊ लागल्या आणि सेवेचा दर्जा स्पष्टपणे सुधारला. मात्र २०१४ मध्ये फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपविल्याचे उघडकीस आले व खात्याच्या मंत्र्यांना पद सोडावे लागले. ज्याचे काम तपासायचे त्याच्याच हाती वही दिली, की आकडे गोंडस होतात. म्हणून मोजणारा तिऱ्हाईतच हवा.

असा तिऱ्हाईत शोधायला फार दूर जायला नको. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आरोग्य केंद्राला चांगले, मध्यम, वाईट असे शेरे दिले. जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तरे दिली. पुढील फेऱ्यांत ‘चांगले’ शेऱ्यांचे प्रमाण वाढत गेले.

माझ्या मते हीच पद्धत माजी सैनिकांसाठी वापरावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने वर्षातून दोनदा तालुकावार बैठक घ्यावी आणि पाथरीपासून सुरुवात करावी. चारच प्रश्न विचारावेत : औषध पूर्ण मिळाले का, जाण्यायेण्यास किती वेळ व खर्च लागला, पुढील रुग्णालयाची चिठ्ठी वेळेवर मिळाली का, आणि आजार आटोक्यात आहे का. उत्तरे नावे वगळून जाहीर करावीत व पुढील वर्षाची औषधखरेदी त्यावरून ठरवावी.

वाचकांपैकी जे माजी सैनिक आहेत, त्यांनी आजपासून एक साधी वही ठेवावी. तारीख, न मिळालेले औषध, बाहेर झालेला खर्च, रक्तदाब व साखरेचे आकडे तीत लिहावेत. एकट्याच्या तक्रारीला कार्यालयात किंमत नसते. पण पन्नास वह्या एकत्र आल्या, की त्यांची दखल घ्यावीच लागते. सीमेवर पहाऱ्याची नोंद चुकू न देणाऱ्यांना हे काम अवघड नाही.