तेहेतीस की चौतीस?

“कंटेनरमध्ये घोळ झालाय शेठ, दोन दिवस द्या,” असं मी फोनवर म्हटलं आणि पलीकडे जोह्याचे कारखानदार एकदम गप्प झाले. मग सावकाश म्हणाले, “कुठला? न्हावा शेवाला गेला तो, की अजून भरायचाय तो?” पेण तालुक्याच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात कंटेनर म्हणजे गणपतीच्या मूर्ती परदेशी नेणारी लोखंडी पेटी. तिच्यात घोळ झाला तर वर्षाची कमाई बुडते. मी बोलत होतो एमकेव्हीबद्दल. त्यांना ते समजावताना पाच मिनिटं गेली आणि माझी पुरेशी शोभा झाली.

काम साधं होतं. परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाची मूर्ती या कारखान्यातून जायची होती आणि मंडळाला डोळ्यांच्या आखणीचं चित्रीकरण हवं होतं. शेडमध्ये मांडणीवर कच्च्या मूर्ती, मधल्या पाटावर एक रंगवलेली मूर्ती, तिच्यासमोर साठीचे कारागीर. हात चालू असताना ते बोलत होते. त्यांच्या खिशात रेकॉर्डर ठेवला होता, कॅमेऱ्याची वायर थेट लॅपटॉपला जोडली होती. आषाढातला पाऊस आणि विजेचा भरवसा नाही, म्हणून एमकेव्हीत रेकॉर्डिंग. एमपी४ची अनुक्रमणिका, जिला आपण मूव्ह अ‍ॅटम म्हणतो, ती साधारणपणे शेवटी लिहिली जाते. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर हाती न उघडणारी फाईल उरते. एमकेव्ही गेलेल्या क्षणापर्यंत तरी शाबूत राहते. हा निर्णय बरोबरच होता. त्यावर आणखी शहाणपण म्हणून सॉफ्टवेअरला एकेका मिनिटाचे तुकडे पाडायला सांगितले, तिथे मी चुकलो.

नव्वद मिनिटांचे नव्वद तुकडे झाले. ते रीएन्कोड न करता जोडले, एमपी४ केला आणि खिशातल्या रेकॉर्डरचा सलग आवाज खाली लावला. सुरुवातीला सिंक चोख. शेवटाकडे मात्र कारागीर “हं, उघडला” म्हणतात आणि पडद्यावर कुंचला अजून टेकायचाच असतो. जवळजवळ एका सेकंदाचा फरक.

सिंक गेलं की आपण पहिला संशय रेकॉर्डरवर घेतो. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत, हे खरंच. पण हिशेब करून पाहा. दशलक्षात वीस भागांचा फरक धरला तर ५४०० सेकंदांत १०८ मिलिसेकंद होतात, एक सेकंद नाही. शिवाय स्फटिकाचा फरक सरळ उतारासारखा वाढतो आणि आमचा पायऱ्या पायऱ्यांनी वाढत होता. सिंक किती गेलं यापेक्षा कसं गेलं हे आधी बघायला हवं. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तेवढाच फरक असेल तर तो सुरुवातीचा आहे. एएसी एन्कोडर आरंभी जे जादा नमुने घालतो, त्यांचा हिशेब कुठेतरी गळाला असेल. १०२४ नमुने म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर २१ मिलिसेकंद. उतारासारखा वाढत असेल तर घड्याळ किंवा फ्रेम रेट. पायऱ्या असतील तर सांधे.

मग एफएफप्रोब लावून एमपी४ आतून पाहिला. व्हिडिओचं टाइमस्केल १६०००. ही संख्या दिसली की मी आता कान टवकारतो. कोणताही कॅमेरा स्वतःहून असलं टाइमस्केल सहसा देत नाही. हजार भागांच्या घड्याळाचा माल आला की एफएफएमपेग त्याला दुप्पट दुप्पट करत दहा हजारांपलीकडे नेतो: दोन, चार, आठ, सोळा हजार. म्हणजे फाईल आधी मिलिसेकंदांच्या पेटीतून फिरून आली आहे, याची ती खूण. त्याखाली फ्रेमच्या लांबींचा तक्ता होता: ५२८, ५४४, ५२८, ५२८, ५४४, ५२८. सोळाने भागा: ३३, ३४, ३३, ३३, ३४, ३३.

कॅमेरा भाच्याने अमेरिकेहून आणलेला आणि मेन्यूत तिकडचीच मांडणी. म्हणून २९.९७. तिथे एका फ्रेमची खरी लांबी ३३.३६६७ मिलिसेकंद. मात्रोस्काचं, म्हणजे एमकेव्हीचं, घड्याळ कोणी मुद्दाम बदललं नाही तर मिलिसेकंदच मोजतं. २००२ साली हा फॉर्मॅट आला तेव्हापासून असंच आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरएफसी ९५५९ म्हणून त्याचं अधिकृत विवरण निघालं त्यातही मूळ नेमणूक तीच राहिली. तेव्हा प्रत्येक फ्रेमला जवळचा पूर्ण मिलिसेकंद मिळतो: ०, ३३, ६७, १००, १३३, १६७, २००. घड्याळ बारीक करता येतं, पण ते फुकट होत नाही. प्रत्येक ब्लॉकची वेळ त्याच्या क्लस्टरच्या सुरुवातीपासून सोळा बिटांत लिहिलेली असते, त्यामुळे क्लस्टरचा पल्ला ३२,७६७ घरांचा. मिलिसेकंदाला ते ३२ सेकंद भरतात. शंभरपट बारीक घर घ्या, सेकंदाच्या एक तृतीयांशात क्लस्टर संपतो आणि फाईल चुऱ्यासारखी होते.

आता आपल्या धंद्यातल्या एका समजुतीबद्दल. “एमकेव्ही अचूक नाही, म्हणून सिंक जातं” हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. हे चूक आहे. ३३-३४ च्या त्या तक्त्यात कोणतीही फ्रेम आपल्या खऱ्या जागेपासून अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा लांब नाही. पहिली नाही आणि लाखावी नाही. अर्ध्या मिलिसेकंदाने ओठ चुकलेले ओळखणारा माणूस अजून जन्मायचा आहे. जोह्याच्या त्याच शेडमध्ये मूर्तींच्या मांडणीला फळ्यांच्या खुणा करणारा सुतार टेप एका टोकाला धरून ठेवतो आणि सगळ्या खुणा त्या टोकापासून करतो. प्रत्येक खूण केसभर इकडेतिकडे होईल, पण शेवटची फळी पहिलीइतकीच जागेवर. तोच सुतार एक फळी ठेवून तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी मोजू लागला, की वरच्या फळीला मूर्तीचा मुकुट अडकलाच.

मात्रोस्का पहिल्या प्रकारचा सुतार आहे. दुसऱ्या प्रकारचे सुतार आपण असतो, किंवा आपली स्क्रिप्ट असते. तक्त्यातला ३३ उचलला, “एक फ्रेम म्हणजे ३३” असं धरलं आणि गुणत गेलो, तर तासाभरात साडेएकोणचाळीस सेकंद गेले. हे अतिशयोक्त वाटेल, पण फोटो काढण्यासाठी फ्रेम नंबरवरून वेळ काढणाऱ्या कितीतरी घरगुती स्क्रिप्टांत मी नेमकी हीच ओळ पाहिली आहे. त्यातली एक माझी होती.

आमच्या एका सेकंदाचा चोर मात्र ३३-३४ सुद्धा नव्हता. चोर होता सांधा. एएसीचं पॅकेट १०२४ नमुन्यांचं, म्हणजे २१.३३ मिलिसेकंदांचं, ते अर्धं कापता येत नाही. एका मिनिटात अशी पॅकेटं बसतात २८१२ आणि वर अर्धं. तुकडा चित्राच्या फ्रेमवर संपतो, आवाजाचं शेवटचं पॅकेट त्याच्या थोडं पुढे जातं, कधी दोन मिलिसेकंद, कधी वीस. तुकड्याची लांबी म्हणून जे जास्त लांब ते लिहिलं जातं आणि जोडताना पुढचा तुकडा त्या लांबीनंतर ठेवला जातो. सांध्यामागे सरासरी अर्धं पॅकेट, साडेदहा मिलिसेकंदांच्या वर. सांधे ८९. गुणाकार करा, साडेनऊशे मिलिसेकंद येतात. चित्र दर मिनिटाला पायरीभर मागे सरकत गेलं आणि खिशातला रेकॉर्डर मात्र सलग चालत राहिला. मी पंचवीसवर चित्रीकरण केलं असतं तरी हे दुखणं राहिलंच असतं, हेही इथे सांगून टाकतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीला सांध्याची रेघ येतेच आणि कारखान्यात ती घासायला वेगळा माणूस बसतो. आम्ही न घासताच रंग दिला.

पंचवीसचा विषय निघालाच आहे तर. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून आपलं प्रक्षेपण पंचवीसचं. पंचवीसला फ्रेम ४० मिलिसेकंदांची, पन्नासला २० ची. मिलिसेकंदाची पेटी असो, एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं ९० किलोहर्ट्झचं घड्याळ असो किंवा क्विकटाइमचं जुनं ६०० चं, सगळीकडे पूर्णांक येतो. ६०० निवडणाऱ्यांनी २४, २५ आणि ३० तिघांनाही भाग जाईल असा विचार केला होता. ९० किलोहर्ट्झवाल्यांनी २९.९७ सुद्धा सांभाळलं, त्याला ३००३ घरं बरोबर पुरतात, २३.९७६ ला मात्र ३७५३.७५ येतात आणि पाव घर लोंबकळत राहतं. हे अपूर्णांकाचं लचांड अमेरिकेने १९५३ साली रंगीत प्रक्षेपणासाठी ओढवून घेतलं. आवाजाची ४.५ मेगाहर्ट्झची लहर हलवायची नव्हती, रंगाची नवी लहर तिच्याशी भांडू नये म्हणून चित्राचा वेग १००० भागिले १००१ इतका कमी केला. आपण त्या भानगडीत कधीच नव्हतो. तरीही मेन्यूत ‘तीस’ दिसलं की पंचवीसपेक्षा जास्त ते चांगलं, म्हणून पेण-रोह्यापासून नागपूरपर्यंत लग्नं तीसवर चित्रित होतात. त्यातही मेन्यूतलं तीस कधी खरं तीस असतं, कधी २९.९७. त्या दोघांतच तासाला ३.६ सेकंदांचा फरक आहे.

म्हणून कामाच्या कागदावर २९.९७ लिहू नका, ३०,०००/१००१ लिहा. २३.९८ तर मुळीच नको. पडद्यावर जागा नाही म्हणून कोणीतरी तो आकडा आखूड केला, आणि तो खरा मानून कोणी हिशेब केला तर तासाला ०.६ सेकंद जातात. अपूर्णांक जिवंत असेपर्यंत त्याला अपूर्णांकच ठेवायचं आणि पेटीत घालताना एकदाच, शेवटी, पूर्ण करायचं.

ड्रॉप-फ्रेम टाइमकोडबद्दलही अनेक वाचक घाबरून विचारतात की यात फ्रेम जातात का. पंचांग पाहणाऱ्याला हे सांगायला लागू नये. क्षयतिथीला तिथीचा आकडा गळतो, दिवस गळत नाही. तृतीयेनंतर पंचमी आली म्हणून कोणाचं आयुष्य एका दिवसाने घटत नाही. इथेही दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत, तासाला १०८. चित्र पूर्ण राहतं. परदेशी मंडळांची कामं घेणाऱ्यांनी एवढं फक्त विचारून घ्यावं की त्यांच्याकडची शीट ड्रॉपची आहे की नॉन-ड्रॉपची.

३३-३४ चा तक्ता घासून एकसारखा करता येतो. फ्रेम मोजायच्या आणि प्रत्येकीला १००१ घरं द्यायची, टाइमस्केल ३०,०००. एडिटिंग सॉफ्टवेअर मग त्या क्लिपला ‘व्हेरिएबल’ म्हणून नाक मुरडत नाही. पण हा उपाय मोबाईलच्या फूटेजवर कृपा करून लावू नका. मोबाईल अंधारात खरोखरच फ्रेम उशिरा काढतो, उन्हात वेळेवर काढतो. तिथले वाकडेतिकडे आकडे चूक नाहीत, घडलेली गोष्ट आहे. फाळके कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत होते, तेव्हाही वेग हातासारखा कमीजास्त व्हायचा. अशा फूटेजला जबरदस्तीने समान लांबी दिली की वेळेचा खरा पुरावाच पुसला जातो. आधी वेळ पाळून ते कॉन्स्टंटमध्ये बदला, मग काय कापाकापी करायची ती करा.

आमच्या फाईलला आम्ही जोडलेला एमपी४ टाकून दिला. नव्वदही तुकड्यांच्या फ्रेम मोजल्या, त्या एकाच शून्यापासून ओळीने क्रमांक देऊन टाइमलाइनवर बसवल्या, तुकड्यांतला आवाज फेकला आणि रेकॉर्डरचा ठेवला. उरला तो स्फटिकाचा फरक, शंभर मिलिसेकंदांच्या आतबाहेर. तो सलग ताणून काढला. एक रात्र गेली. “उघडला” आता कुंचला टेकतो त्याच फ्रेमवर येतं.

फाईल मंडळाला पाठवण्याआधी जोह्याला नेऊन दाखवली. कारागिरांनी मोबाईल हातात धरून शेवटची दहा मिनिटं पाहिली, दोनदा मागे नेऊन पाहिली. सिंकबद्दल ते काहीच बोलले नाहीत. विचारलं ते एवढंच, “ही वरची ट्यूब अशी लपलप का करते? आमची तर चांगली आहे.” पन्नास हर्ट्झची वीज, २९.९७ चा कॅमेरा आणि शटर मी एकसाठांशवर ठेवलं होतं.