तू कोणाचा?

मनोरमध्ये अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी माणसं आधी त्याचं नाव विचारत नाहीत. "तू कोणाचा रे?" असं विचारतात. बापाचं नाव कळलं, मोहल्ला कळला की मग चहा, मग बाकीच्या गप्पा. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाच्या घरी आम्हाला हाच प्रश्न एका लघुपटाबद्दल पडला.

भाच्याने टीव्हीला मोबाईल जोडला आणि म्हणाला, "मामू, अकराच मिनिटं बसा." बिर्याणी अंगावर आलेली, आम्ही बसलो. गोष्ट एवढीशीच होती. मुलगा बोईसरच्या कारखान्यात पहिल्यांदा रात्रपाळीला निघालाय आणि आई त्याचा डबा भरतेय. दोघं फारसं बोलत नाहीत. तवा, भाकरी, डब्याच्या कड्या, मागून हायवेवरच्या ट्रकचा आवाज. मुलगा मस्तान नाक्यावर गाडीत बसतो आणि आई ओट्यावरचं सांडलेलं पीठ पुसते. संपलं.

आपाने पदराने डोळे टिपले. भावजी मात्र म्हणाले, "छान आहे. पण याने पोट भरणार आहे का?"

आम्ही चौकशी केली. कॅमेरा धरणारा मुलगा जवळच्या वारली पाड्यावरचा, एरवी लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या हाताखाली जातो. भाचा स्वतः एमआयडीसीत हेल्पर. आवाजासाठी दुसरा मोबाईल पिठाच्या डब्यामागे लपवला होता. हायवे रात्रीही झोपत नाही, म्हणून ट्रकचा आवाज काढता आला नाही. मग त्यांनी तो गोष्टीतच घेतला. शेवटी पडद्यावर नावं आली, सगळी मुलांची. "आणि लिहिलं कोणी?" आम्ही विचारलं. भाचा गप्प. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली भाची आत निघून गेली.

नवशिक्या कलावंतांची पार्श्वभूमी काय असते, हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी भीतीने विचारला जातो. सिनेमा म्हणजे मुंबई, ओळखी आणि पैसा, ही आपली समजूत. म्हणून त्या दिवशी भावजींना आम्ही काही माणसांची हकीकत सांगितली.

पहिली आपल्याच मालेगावची. शेख नासिर यांच्या घरचं व्हिडिओ पार्लर होतं. सिनेमे दाखवता दाखवताच ते सिनेमा शिकले. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे कामगारांची करमणूक त्या दिवशी. याच गावात 2000 साली 'मालेगाव के शोले' तयार झाला. पुढे सुपरमॅन बनवायला घेतला तेव्हा नायक झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा किरकोळ अंगाचा तरुण. कॅमेरा हलवायला रूळ नव्हते, मग सायकल आणि बैलगाडी कामाला आली. शफीक कर्करोगाने तरुणपणीच गेला. ज्या गावाचं नाव बाहेर फक्त दंगल आणि बॉम्बस्फोटांमुळे घेतलं जायचं, त्या गावाची हसरी बाजू या मंडळींनी जगाला दाखवली. त्यांच्यावर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी 2025 मध्ये थिएटरात लागला.

दुसरी हकीकत करमाळा तालुक्यातल्या जेऊरची. नागराज मंजुळे वडार समाजातले, दगड फोडणाऱ्या घरातले. अहमदनगरला पत्रकारिता आणि संवादशास्त्र शिकताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट. त्याला 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा सन्मान मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतरचे. आधी तो छोटा लघुपट, आणि त्याच्याही आधी गावच्या शाळेबाहेर उभं राहणारं पोर त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

तिसरी हकीकत 'खिसा' या लघुपटाची. शाळेच्या शर्टाला मोठा खिसा शिवून घेणाऱ्या खेड्यातल्या मुलाची ही गोष्ट. दिग्दर्शक राज प्रीतम मोरे मूळचे चित्रकार. लेखक कैलास वाघमारे रंगभूमीवरचे, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'मध्ये काम केलेले नट. 67व्या राष्ट्रीय पुरस्कारांत याच विभागात 'खिसा'चं नाव होतं. लहानशा खिशावरून मोठी माणसं कशी बिथरतात, हे सांगायला त्यांना मोठा सेट लागला नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यांनी परक्या आयुष्याची नक्कल करून नाव मिळवलं नाही. मालेगावकरांनी शोले आणि सुपरमॅन उचलले खरे, पण त्यांना आपल्या गल्लीचे कपडे आणि आपली बोली दिली. पार्श्वभूमी ही लपवायची गोष्ट नाही, ते भांडवल आहे. पोट भरेल का, याचं उत्तर मात्र आम्ही भावजींना गोड करून दिलं नाही. मालेगावच्या बहुतेकांना सिनेमाने पैसा दिला नाही. नोकरी सोडू नकोस, सुट्टीत कर, असं भाच्याला आम्हीही सांगितलं. सिनेमा जायज की नाजायज, हा वादही घरात निघाला. त्यावर फतवा देणारे आम्ही नव्हे. आम्ही एवढंच म्हणालो की आईच्या कष्टाची गोष्ट सांगण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

उरला प्रश्न भाचीच्या नावाचा. मालेगावच्या सिनेमांत स्थानिक बायका काम करत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत. आणि गंमत पाहा, त्या मुलांची धडपड 2008 साली ज्या माहितीपटाने जगासमोर आणली, तो 'सुपरमेन ऑफ मालेगाव' फैझा अहमद खान या बाईंनी केला होता. आमची भाची पालघरला कॉलेजात जाते. अकरा मिनिटांतला प्रत्येक शब्द तिचा, आणि जे शब्द गाळले तेही तिनेच गाळलेले. नाव टाकलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ते काढलं गेलं. कोणी काढायला लावलं? हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायला हवं. महिन्यापूर्वी भाच्याने फोनवर विचारलं होतं, "मामू, हिचं नाव टाकू का?" आणि घाईत आम्हीच म्हणालो होतो, "कशाला उगीच? राहू दे."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी विसळत होती. "चूक आमची," आम्ही म्हणालो. ती वर न बघता म्हणाली, "मामू, भाकरीचा आवाज आधी यायला हवा, मग आईचा चेहरा. भाईने उलटं केलंय. तेवढं बदला म्हणावं."

तेवढं बदललं. शेवटी तिचं नावही आलं, भावजींच्या संमतीने, तिच्या आईवडिलांच्या नावासकट. आता मनोरमध्ये कोणी विचारलं की ही गोष्ट कोणाची, तर सांगता येईल.