नकाशाचे चावडीवाचन

संगणकाची एखादी आज्ञावली पूर्ण होण्याआधीच लोकांच्या हाती द्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. बंगळुरूमध्ये तो तसाच मानला जातो. इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत 'पूर्वावृत्ती' किंवा 'बीटा' या शब्दांचे कुणालाच अप्रूप नाही. काम अजून कच्चे आहे, वापरून पाहा आणि चुका सांगा, असे म्हणण्यात तिथे कमीपणा मानत नाहीत. शासकीय कार्यालयांत मात्र काम एक तर 'प्रगतिपथावर' असते, नाही तर त्याचे थेट 'लोकार्पण' होते. या दोहोंच्या मधली पायरीच आपल्या कार्यपद्धतीत नाही, असा सर्वसाधारण समज आहे.

नकाशांच्या आज्ञावलीपुरता तरी हा समज घातक आहे, असे माझे मत आहे. ही मधली पायरी जाणीवपूर्वक आखली पाहिजे आणि ती आखणे हे संगणकतज्ज्ञांचे नव्हे, तर मुख्यतः प्रशासनाचे काम आहे.

प्रथम मुक्तस्रोत क्षेत्रात हे काम कसे चालते ते पाहू. 'क्यूजीआयएस' ही नकाशे पाहण्याची, तयार करण्याची व त्यांचे विश्लेषण करण्याची मुक्तस्रोत आज्ञावली आज जगभर, आणि भारतातील अनेक संशोधन संस्था व शासकीय विभागांतही वापरली जाते. गॅरी शर्मन यांनी २००२ साली तिची सुरुवात केली. '१.०' हा क्रमांक मात्र तिला २००९ च्या जानेवारीत मिळाला. मधल्या जवळपास सात वर्षांत ती 'शून्य पूर्णांक काही' अशा क्रमांकांनी लोकांपुढे येत राहिली. पूर्ण झाल्याचा दावा न करता ती वापरात होती आणि वापरणाऱ्यांनीच तिच्यातील दोष दाखवून दिले. आता तिची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते. त्याआधी काही आठवडे नव्या सोयी घेणे बंद होते. त्या काळात फक्त दोष दुरुस्त करायचे, भाषांतरे पुरी करायची आणि चाचण्या घ्यायच्या. कुणी कितीही उत्तम कल्पना आणली, तरी ती पुढच्या खेपेला. तारखा आधीच जाहीर असतात. पगाराने बांधलेले नसलेले, अनेक देशांत विखुरलेले लोक ही शिस्त पाळतात, हे प्रशासनातील माणसाने विशेष लक्षात घ्यावे.

बंगळुरूच्या मातीला तर या कल्पनेची ओळख संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर, १८०० साली, विल्यम लॅम्बटनने याच शहराजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा अधिकृत प्रारंभ मानली जाणारी मद्रासची आधाररेषा त्यानंतर, १८०२ साली मोजली गेली. म्हणजे बंगळुरूची रेषा ही एका अर्थी त्या महाकार्याची पूर्वावृत्तीच होती. लॅम्बटन तिथेच थांबला नाही. मद्रासपासून त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे आणल्यावर १८०४ साली त्याने बंगळुरूजवळ दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजली आणि गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहिली. मैलोगणती अंतर ओलांडून आलेल्या त्या गणितात फरक निघाला तो काही इंचांचाच. आपलेच काम आपणच पुन्हा तपासायचे आणि निघालेला फरक लिहून ठेवायचा, ही सर्वेक्षणाची मूळ रीत आहे. हाच लॅम्बटन पुढे काम करीत करीत आपल्या विदर्भापर्यंत आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

कुणी म्हणेल, ही विद्वानांची आणि यंत्रज्ञांची उदाहरणे झाली, आमच्या तहसील कार्यालयाचे काय? माझे उत्तर असे की पूर्वावृत्तीची कल्पना आपल्या प्रशासनाला परकी नाहीच. तिचे नाव तेवढे वेगळे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेचे प्रारूप आधी प्रसिद्ध करावे लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, हरकतदाराला सुनावणी द्यावी लागते आणि मगच योजना मंजुरीला जाते. प्रारूप प्रसिद्धी म्हणजे पूर्वावृत्तीच.

मुंबईच्या विकास आराखड्याचे उदाहरण ताजे आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या आणि इतका गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप २०१६ च्या मे महिन्यात आले आणि शासनाची मंजुरी २०१८ साली मिळाली. त्या वेळी बहुतेकांनी याला फजिती म्हटले. मला ते पटत नाही. चुकीचा नकाशा प्रारूप अवस्थेत पकडला गेला, मंजूर होऊन कायदा बनल्यावर नव्हे. म्हणजे व्यवस्थेने नेमून दिलेले काम केले. खंत करायचीच असेल तर ती या गोष्टीची करावी, की संपूर्ण महानगराचा नकाशा एकदम खुला झाला. तोच आधी दोन-चार प्रभागांपुरता लोकांपुढे ठेवला असता, तर चुकांचा प्रकार लवकर आणि कमी खर्चात कळला असता.

याहून बोलके उदाहरण सातबाऱ्याचे आहे. संगणकीकृत सातबारा आणि हस्तलिखित सातबारा यांच्यात तफावती आढळल्या, तेव्हा महाराष्ट्राच्या महसूल विभागाने २०१७ साली गावोगाव चावडीवाचनाची मोहीम घेतली. संगणकातील नोंदी गावात जाहीरपणे वाचून दाखवायच्या, खातेदारांनी ऐकायच्या, चूक असेल तर तिथेच हरकत घ्यायची. त्यानंतर, १ मे २०१८ पासून, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. क्रम पाहा: आधी वाचन, मग दुरुस्ती, मग स्वाक्षरी. सॉफ्टवेअरच्या पाठ्यपुस्तकात याहून निराळे काही सांगितलेले नाही. 'चावडी' हा शब्द कन्नडातही आहे, तेव्हा बंगळुरूतील अभियंत्यालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

अडचण अशी की नोंद वाचून दाखवता येते, नकाशा वाचून दाखवता येत नाही. इथेच नकाशाच्या आज्ञावलीचा प्रश्न इतर आज्ञावलींहून वेगळा होतो. वेतनपत्रकाची आज्ञावली चुकली तर महिनाअखेरीस आरडाओरडा होतो. नकाशाची चुकली तर काहीच होत नाही. पडद्यावर सुबक, रंगीत रेषा दिसते. ती प्रत्यक्ष बांधापासून वीस फूट सरकलेली असली तरी पाहणाऱ्याला ते कळत नाही. कळते ते पाच-सात वर्षांनी, भावकीत वाद होतो तेव्हा, रस्त्यासाठी भूसंपादनाची नोटीस येते तेव्हा, किंवा बँक कर्ज नाकारते तेव्हा. नकाशातील चूक शांतपणे मुरते, म्हणून तिला मुद्दाम बोलके करावे लागते.

आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना हे अधिक लागू आहे. गावी वडिलोपार्जित जमीन आहे आणि आपण बंगळुरूत, इंदूरला किंवा सातासमुद्रापलीकडे बसून 'महाभूनकाशा'वर आपला गट क्रमांक पाहतो. बांधावर जाऊन खात्री करणे वर्षानुवर्षे होत नाही. त्यामुळे पडद्यावरची रेषा हीच आपली जमीन, असे नकळत मनात बसते. हा नकाशा ज्या 'भू-नक्शा' आज्ञावलीवर उभा आहे, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्तस्रोत साधने वापरून घडवली आहे आणि अनेक राज्ये ती वापरतात. एका राज्यात सापडलेला दोष दुरुस्त झाला, तर तो सर्वांनाच उपयोगी पडतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

तेव्हा अशा आज्ञावलीची पूर्वावृत्ती आखताना प्रशासनाने काय ठरवावे? माझ्या मते पुढील पाच गोष्टी.

पहिली, व्याप्ती. सुरुवात थोड्या पण परस्परांहून भिन्न गावांपासून व्हावी. एक कोकणातील डोंगरउताराचे, एक विदर्भातील सपाट काळ्या जमिनीचे, एक शहरालगतचे, जिथे गुंठ्यागुंठ्याने विक्री झाली आहे. सोपी गावे निवडून चाचणी यशस्वी करण्यात काही अर्थ नाही.

दुसरी, ज्ञात दोषांची यादी. आपल्याला आधीच ठाऊक असलेले दोष पूर्वावृत्तीसोबतच प्रसिद्ध करावेत. यात लाज नाही. उलट, पुढची यादी लोक विश्वासाने देतात.

तिसरी, तक्रारीची वाट. माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित राहते ती हीच. तक्रारी दोन जातींच्या असतात. नकाशा उघडत नाही, छापताना प्रमाण बदलते, ही आज्ञावलीची तक्रार. ती प्रोग्रामरने सोडवायची. माझा बांध चुकीचा दाखवला आहे, ही अभिलेखाची तक्रार. तिला प्रोग्रामरने हातही लावता कामा नये. त्यासाठी भूमी अभिलेख अधिकाऱ्याने शेजाऱ्याला नोटीस देऊन मोजणी केली पाहिजे. एका खात्याच्या अशाच एका प्रकल्पात दोन्ही तक्रारी एकाच पेटीत जाताना मी पाहिल्या. प्रोग्रामर म्हणत, हा महसुलाचा विषय. महसूलवाले म्हणत, हा संगणकाचा विषय. आणि शेतकरी दोन खिडक्यांच्या मध्ये उभा. पूर्वावृत्ती खुली होण्याआधीच या दोन वाटा वेगळ्या करून प्रत्येकीवर जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि उत्तराची मुदत लिहिलेली हवी.

चौथी, कायदेशीर स्थान. पूर्वावृत्तीतून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर, लोकांच्या भाषेत, ठळक लिहावे की हा पुरावा नाही. आणि हे शब्द कधी व कोणत्या अटी पुऱ्या झाल्यावर पुसले जाणार, तेही आधीच जाहीर करावे. नाही तर 'केवळ माहितीसाठी' ही ओळ कायमची राहते आणि तिच्या आडोशाला जबाबदारी टाळली जाते.

पाचवी, गोठवण्याची तारीख. त्या दिवसानंतर नवी सोय नाही, मग सूचना कितीही वरून आलेली असो. क्यूजीआयएसचे स्वयंसेवक जे पाळू शकतात, ते आपल्या सचिवालयांना जमू नये असे काही नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, अपुरे काम दाखवले तर वर्तमानपत्रे झोडपतील आणि लेखापरीक्षक परिच्छेद लिहील. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय काम लपवणे हा नसून पूर्वावृत्ती हा निविदेतच एक स्वतंत्र टप्पा ठेवणे हा आहे. त्याचा खर्च, कालावधी आणि निष्पत्ती म्हणजे नोंदवलेल्या व सोडवलेल्या हरकती, हे सारे करारात असले की लेखापरीक्षकालाही तो टप्पा दिसतो. आज बहुतेक करारांत अंतिम देयक 'काम पूर्ण' या एका शब्दावर अवलंबून असते. मग दोष न सापडण्यातच ठेकेदाराचे आणि अधिकाऱ्याचे, दोघांचेही हित राहते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. नकाशे खुले करणे धोक्याचे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्यावरची बहुतेक बंधने सैल केली आणि २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आले. संवेदनशील स्थळांचे नियम अजूनही आहेत आणि ते असावेतच. पण गावचा गट नकाशा तपासायला गावकऱ्यांना देण्यास आता त्यांची आडकाठी सांगता येणार नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. पूर्वावृत्ती आखणे शासनाचे काम असले तरी ती वाचणे आपले आहे. बंगळुरूत २०१८ साली मुक्त नकाशांवर काम करणाऱ्यांची आशियाई परिषद भरली होती. ज्या 'ओपनस्ट्रीटमॅप'भोवती ती भरली, त्यात एकाच ठिकाणाचे नाव मराठीत, कन्नडात आणि इतर भाषांत वेगवेगळे नोंदवण्याची सोय आहे. आपल्या गावच्या वाडीचे, ओढ्याचे, पाणंदीचे नाव रोमन लिपीतून उलटे वाचताना कसे विद्रूप होते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार? पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा भू-नकाशाची एक प्रत सोबत न्या, घरातील जाणत्या माणसाला बांधावर घेऊन जा आणि जिथे फरक दिसेल तिथे तारखेसह लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्या. मोजणी माहीत असलेली, कोणता दगड कधी हलला हे सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. ती आहे तोवरच हे वाचन पुरे व्हायला हवे.