फलकावरचे नाव आणि आकाशातले नाव

वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, की आपल्या लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फलक उभे राहतात. त्यांवर यशस्वी मुलांची छायाचित्रे, नावे आणि गुण. पुढल्या वर्षी त्याच जागी नवी नावे येतात. आज मी तुम्हांला अशा नावांविषयी सांगणार आहे, जी दरवर्षी बदलली जात नाहीत.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान असंख्य लहानमोठे खडकाळ पिंड सूर्याभोवती फिरत असतात. हे लघुग्रह होत. त्यांतला पहिला, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांना सिसिली बेटावरून दिसला. आता त्याची गणना बटुग्रहांत होते. क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांची संख्या आज काही लाखांवर गेली आहे. नाव मिळालेले मात्र जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास आहेत.

असे का? कारण लघुग्रह दिसला म्हणजे लगेच त्याचे बारसे होत नाही. आधी त्याला वर्ष आणि अक्षरे मिळून एक तात्पुरती खूण दिली जाते. निरनिराळ्या वर्षी पुनःपुन्हा वेध घेऊन त्याची कक्षा नक्की ठरली, म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो. त्यानंतर दहा वर्षांपर्यंत नाव सुचविण्याचा मान शोधकर्त्याचा असतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती ते नाव पारखून घेते. रोमन लिपीत ते सोळा अक्षरांहून मोठे नसावे, उच्चारता यावे, कोणाचा अवमान करणारे नसावे. राजकारणी व सेनानी यांना मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते! व्यापारी जाहिरातीला तर थाराच नाही. तेव्हा पैसे घेऊन आकाशातील तारा तुमच्या नावे करून देणाऱ्यांच्या प्रमाणपत्राला कवडीचीही किंमत नाही, हे ध्यानात ठेवा.

मग मान मिळतो कोणाला? १९८८ साली तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी एक लघुग्रह शोधला. ४१३० क्रमांकाच्या त्या लघुग्रहाचे नाव आहे 'रामानुजन'. गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने जो विद्यार्थी कॉलेजच्या परीक्षेत नापास झाला होता, तोच हा! २०१९ साली पंडित जसराज यांचे नाव ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळाले. हा आकडा उलट्या क्रमाने वाचा: २८-०१-३०, ही त्यांची जन्मतारीख.

आणि आता तुमच्या वयाची गोष्ट. पुण्याची हंसा पद्मनाभन हिला २००६ साली अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यात दुसरे पारितोषिक मिळाले. २१५७५ क्रमांकाचा लघुग्रह तिच्या नावाने 'पद्मनाभन' म्हणून ओळखला जातो. पुढे ती खगोलभौतिकीची संशोधक झाली. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेने ही प्रथा सुरू केली, तिने विजेत्यांच्या शिक्षकांचीही नावे लघुग्रहांना दिली आहेत.

मी परीक्षांच्या विरुद्ध नाही. आपल्या खेड्यापाड्यांना डॉक्टर हवेतच. परंतु प्रवेश परीक्षा विचारते, दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे तुम्ही किती झटपट देता? प्रकल्प विचारतो, तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता? पहिल्या प्रश्नासाठी आपण मुलांची उमेदीची दोन वर्षे आनंदाने देतो. दुसऱ्यासाठी आठवड्याचा एक तासही काढत नाही, हे मला खटकते.

हा तास कसा वापरावा? हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने टिपलेली आकाशाची चित्रे एका आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेद्वारे शाळांना विनामूल्य मिळतात. लागोपाठच्या चित्रांतून सरकणारा ठिपका हुडकायचा, एवढेच काम. संगणक आणि चिकाटी पुरते. २०२० साली सुरतच्या वैदेही वेकरिया आणि राधिका लखानी या दहावीतील मुलींनी असाच एक लघुग्रह टिपला. सुरतेला जे साधले, ते उदगीरला किंवा देगलूरला का साधू नये?

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत एवढा एक तास राखून ठेवा. प्रत्येकाच्या वाट्याला लघुग्रह येणार नाही, हे उघड आहे. पण सरकणारा ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी शोधलेले मूल पुढे डॉक्टर झाले, तरी रोग्याकडे अधिक बारकाईने पाहील. एवढी कमाई मला पुरेशी वाटते.